तांत्रिक खटपटी : हाकेला ओ देणारा प्रिंटर



गेल्या महिन्याभरात तिघांनी मला प्रिंटरबद्दल विचारलं. पहिल्याच्या लॅपटॉपला घरातला प्रिंटर दिसतो, पण भारतातून आलेल्या सासऱ्यांच्या फोनला काही केल्या दिसत नाही. दुसऱ्याच्या यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं, दुसऱ्यापुढे कंसात 2, आणि छापायला दिलेलं पान त्यातल्या चुकीच्या नावाकडे जाऊन अडकतं. तिसऱ्याचा प्रश्न जरा गंभीर होता. "ते लिनक्सच्या प्रिंटर शोधणाऱ्या सर्व्हिसमध्ये मध्यंतरी भगदाड सापडलं होतं ना? माझ्या तळघरातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू आहे. बंद करू का चालू ठेवू?" तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून आज सगळं एका बैठकीत संपवू.

आता तुम्ही म्हणाल, या जमान्यात छापतं कोण? खरं आहे, फोटो छापत नाही, पत्रं छापत नाही, नकाशे छापायचे दिवस तर केव्हाच गेले. पण जे उरलंय ते बघा. ओसीआयचे कागद, पासपोर्टची प्रत, टॅक्स रिटर्न, घराच्या कर्जाची कागदपत्रं, आईबाबांच्या व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट. म्हणजे छापणं कमी झालं, पण जे छापतो ते जवळजवळ सगळं कुलुपात ठेवण्याच्या लायकीचं असतं. आणि ते आपण कोणाच्या हवाली करतो, तर यादीत जो प्रिंटर "दिसला" त्याच्या. तो यादीत आला कसा, हे कोणी विचारत नाही.

तर तो येतो कसा?

पूर्वी सरळ हिशेब होता. नेटवर्कवरच्या प्रिंटरचा आयपी पत्ता कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून प्रिंटरलाच चिकटवलेला असे. तो पत्ता टाकायचा, मॉडेल निवडायचं, ड्रायव्हरची सीडी घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. राउटरने पत्ता बदलला की पुन्हा पहिल्यापासून. मॅकवाल्यांना हा त्रास फार आधीपासून नव्हता, कारण ॲपलटॉकमध्ये 1980च्या दशकातच नावाने यंत्र शोधायची सोय होती. पण ॲपलटॉक ॲपलपुरतं. बाकी जग आयपीवर गेलं आणि ही सोय मागे राहिली.

ती आयपीवर आणायचं काम ज्यांनी मनावर घेतलं त्यात स्टुअर्ट चेशायर हे नाव पहिलं. 2002 मध्ये ॲपलने ते रॉन्देवू या नावाने मॅकमध्ये आणलं, पण ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे 2005 मध्ये त्याचं नाव बदलून बॉन्जूर केलं. लिनक्सवर तेच काम अवाही नावाचा प्रोग्राम करतो. मूळ नियमावली मात्र सगळ्यांची एकच, आणि ती 2013च्या फेब्रुवारीत आरएफसी 6762 आणि 6763 म्हणून छापून आली.

पद्धत अगदी आपल्या चाळीतली आहे. तुमचा लॅपटॉप 224.0.0.251 या खास पत्त्यावर, 5353 नंबरच्या पोर्टवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो: "इथे आयपीपी बोलणारं कोणी आहे का?" ही हाक कोणा एकाला उद्देशून नसते. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राच्या कानावर ती पडते. टीव्ही, फोन, थर्मोस्टॅट ऐकून गप्प बसतात. प्रिंटर मात्र ओ देतो, "मी आहे, माझं नाव अमुक, माझा पत्ता तमुक, पोर्ट 631." सोबत तो आपली जन्मपत्रिकाच पाठवतो: मॉडेल कोणतं, रंगीत आहे का, दोन्ही बाजूंनी छापतो का, पीडीएफ थेट समजतं का, आणि कोणी भरून ठेवलं असेल तर कुठल्या खोलीत ठेवलाय तेसुद्धा. ही पत्रिका पुरेशी असेल तर वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. 2010 मध्ये आयफोनवर आलेलं एअरप्रिंट याच पायावर उभं आहे.

आता पहिल्याचा प्रश्न सुटतो. ही हाक घराच्या भिंतीबाहेर जात नाही. म्हणजे ती राउटर ओलांडत नाही, मुद्दामच तशी बनवली आहे. सासरेबुवा आले तेव्हा जावईबापूंनी शहाणपणाने त्यांना गेस्ट वायफायचा पासवर्ड दिला. गेस्ट वायफाय म्हणजे एका छपराखालचं दुसरं घर. तिथून मारलेली हाक प्रिंटरला ऐकूच जात नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासऱ्यांना पाहुण्यांच्या वायफायवर ठेवायचं की घरच्या, हा तांत्रिक प्रश्न नाही, त्यात मी पडत नाही :-) पण तिथून छापायचं असेल तर एक तर त्यांना घरच्या नेटवर्कवर घ्या, नाहीतर फाइल ईमेलने मागवून तुम्ही छापा.

ऑफिसच्या लॅपटॉपचंही तेच. व्हीपीएन लावलं की बऱ्याच कंपन्यांच्या धोरणानुसार लॅपटॉपची सगळी रहदारी ऑफिसच्या बोगद्यातून जाते आणि घरचं नेटवर्क त्याला परकं होतं. प्रिंटर दोन हातांवर असतो, पण लॅपटॉप मनाने डॅलसच्या डेटा सेंटरमध्ये. यावर तोडगे शोधू नका. ते धोरण कोणीतरी विचार करून ठेवलेलं असतं, आणि ऑफिसचे कागद घरच्या प्रिंटरवर छापायचे नसतातच.

दुसऱ्याचं दुहेरी नाव मात्र मजेदार आहे. नियम असा की एका नेटवर्कवर एका नावाचा एकच. प्रिंटर चालू होताना आधी विचारतो, "हे नाव कोणी घेतलंय का?" कोणी हो म्हणालं तर तो बिचारा स्वतःच्या नावापुढे 2 लावतो. एकच प्रिंटर वायफायने आणि वायरने दोन्हीकडून जोडलेला असेल किंवा दोन संगणक तोच प्रिंटर आपापल्या वतीने शेअर करत असतील, तर ही भुतं तयार होतात. एक जोडणी काढा, भूत जातं.

त्यातच आणखी एक. प्रिंटर बटण दाबून नीट बंद केला तर बहुतेक प्रिंटर निरोप घेऊन जातात. "येतो" म्हणावं तसं. मग यादीतून नाव लगेच निघतं. पण भिंतीतली वायर ओढून काढली तर निरोप राहतो, आणि ऐकणाऱ्यांच्या वहीत ते नाव 75 मिनिटांपर्यंत राहू शकतं, कारण नियमावलीत अशा नोंदींची शिफारस केलेली मुदत तेवढी आहे. म्हणून प्रिंटर अडला की वायर ओढायची आपली सवय इथे उलटी पडते.

इथवर सगळं गोड. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. हाक मारली, कोणीतरी ओ दिली, आणि आपण विश्वास ठेवला. ओ देणारा खरंच प्रिंटर आहे का, याची शहानिशा या पद्धतीत कुठेही नाही. कॅफेतल्या वायफायवर कोणीही आपल्या लॅपटॉपला "फ्रंट डेस्क प्रिंटर" असं नाव देऊन ओ देऊ शकतो. तुम्ही पान पाठवलंत की ते त्याच्याकडे. घरात हे चालतं, कारण घरात कोण आहे ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणजे सगळी सुरक्षितता त्या भिंतीत आहे.

आता येऊ या तिसऱ्याच्या भगदाडाकडे, कारण तिथे भिंतच नव्हती.

लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर छपाईचं काम कप्स नावाची प्रणाली करते. मायकेल स्वीट यांनी 1990च्या दशकाच्या शेवटी ती लिहिली. 2002 मध्ये ॲपलने ती मॅकमध्ये घेतली, आणि 2007 मध्ये स्वीटना नोकरीवर घेऊन कोडही विकत घेतला. 2019च्या अखेरीस ते ॲपलमधून बाहेर पडले, आणि पुढचं काम ओपनप्रिंटिंग या गटाकडे आलं. हे सांगायचं कारण एवढंच की जगभरची इतकी छपाई हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांच्या मेहनतीवर चालली आहे. ओपनप्रिंटिंगमध्ये गुगलच्या समर ऑफ कोडमधून आलेली भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधली बरीच मुलंही काम करून गेली आहेत. असो.

जुन्या कप्सची प्रिंटर जाहीर करायची स्वतःची एक पद्धत होती. तिथे हाक मारायची गरजच नव्हती. ज्या सर्व्हरकडे प्रिंटर आहे तो दर 30 सेकंदांनी दवंडी पिटायचा: "माझ्याकडे हा प्रिंटर आहे हो!" बाकीचे ऐकून वहीत लिहून ठेवायचे, आणि पाच मिनिटं दवंडी आली नाही की खोडून टाकायचे. विद्यापीठांच्या लॅबमध्ये हे फार सोयीचं होतं. 2012 मध्ये आलेल्या कप्स 1.6 मध्ये ती दवंडी काढून टाकली. आता सगळं बॉन्जूरनेच करायचं, असं ठरलं. ॲपलच्या दृष्टीने बरोबरच. पण लिनक्सच्या जगात हजारो जुने सर्व्हर अजून दवंडी पिटत होते, आणि छापायच्या खिडक्यांना बॉन्जूरवरचे प्रिंटर धड ओळखता येत नव्हते. ही फट बुजवायला टिल काम्पेटर यांनी कप्स-ब्राउज्ड नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. मागे गुपचूप चालणारा, ज्याला युनिक्सवाले डेमन म्हणतात तसला. बॉन्जूरची ओ आणि जुनी दवंडी दोन्ही तो ऐकणार, आणि ऐकलेला प्रत्येक प्रिंटर तुमच्या संगणकावर आपोआप मांडून ठेवणार. तुम्ही छापायची खिडकी उघडलीत की प्रिंटर हजर. उबुंटूसारख्या अनेक वितरणांच्या डेस्कटॉपवर तो आपसूक बसलेला असे.

मला स्वतःला हा प्रोग्राम वाईट कधीच वाटला नाही. ज्या वर्षी लिहिला त्या वर्षी तो हवाच होता. घोटाळा असा की दवंडी ऐकायला त्याने 631 पोर्टवर जो कान लावला होता, तो कुठूनही आलेला आवाज ऐकायचा. घरातला की बाहेरचा, असा भेद नाही. बॉन्जूरची हाक निदान भिंतीआड राहते. या कानाला भिंत नव्हती.

2024च्या सप्टेंबरमध्ये सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकाने हे ओढून उघड्यावर आणलं. तपशील 26 सप्टेंबरला जाहीर झाले. त्या साखळीत चार त्रुटी होत्या, आणि चारही एकमेकींच्या हातात हात घालून चालणाऱ्या. बाहेरच्या माणसाने एक छोटं पॅकेट पाठवायचं: "माझ्याकडे प्रिंटर आहे, हा पत्ता." कप्स-ब्राउज्ड इमानदारीने त्या पत्त्यावर जाऊन विचारणार, "तुझी पत्रिका दे." पत्रिका येणार, ती तपासली जाणार नाही. त्या पत्रिकेवरून प्रिंटरची पीपीडी नावाची फाइल बनणार, आणि पाठवणाऱ्याने पत्रिकेत घुसडलेल्या जास्तीच्या ओळीही तशाच्या तशा त्यात उतरणार. आणि चौथी कडी म्हणजे फूमॅटिक नावाचा जुना फिल्टर, ज्याला पीपीडीमध्ये लिहिलेली आज्ञा चालवायची मुभाच दिलेली आहे, कारण कित्येक जुन्या प्रिंटरांना त्याशिवाय छापता येत नसे. तुम्ही त्या नव्या प्रिंटरवर एक पान पाठवलंत की ती आज्ञा तुमच्या संगणकावर चालली.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पान पाठवावं लागतं. नुसतं पॅकेट येऊन काही होत नाही. त्यामुळे तपशील यायच्या आधी दोन-तीन दिवस "दहापैकी 9.9 गुणांची त्रुटी, सगळं लिनक्स धोक्यात" अशी जी आरोळी उठली होती, ती माझ्या मते जास्त होती. चारही त्रुटींना शेवटी मिळालेले गुण त्याहून कमीच होते. रेड हॅटने तर आपल्या लिनक्सच्या मूळ मांडणीत हा धोका नाही असं सांगितलं. पण "काहीच नव्हतं हो, उगाच बोंब" असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. हा हल्लेखोर तुमच्या खऱ्या प्रिंटरच्या नावासारखंच नाव घेऊ शकतो, आणि यादीतलं ओळखीचं नाव दाबताना आपण कितीदा विचार करतो? शिवाय नंतर अकामायच्या लोकांनी दाखवून दिलं की एक छोटं पॅकेट टाकून या बिचाऱ्या प्रोग्रामांना भलत्याच कोणाच्या तरी सर्व्हरवर मोठ्या विनंत्यांचा मारा करायला लावता येतो. त्याला तर कोणी काही छापायचीही गरज नाही.

तेव्हा आमच्याकडेही धावपळ झाली. गणपती विसर्जन होऊन नऊ दिवस झालेले, पितृपक्ष चालू, आणि आम्ही गुरुवारी संध्याकाळी सर्व्हरांची यादी घेऊन बसलो. सर्व्हरांवर कप्स-ब्राउज्ड सापडला तेव्हा माझ्या टीममधल्या मुलीने विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: "दादा, पण या मशीनला प्रिंटर कशाला लागतो?" तिचा मुद्दा रास्त होता. डेटा सेंटरमधल्या कपाटात बसलेल्या त्या यंत्राने जन्मात एक पान छापलेलं नव्हतं. कोणीतरी डेस्कटॉपचं भलं मोठं पॅकेज बसवलं, त्याच्या शेपटीला धरून हा आत आला, आणि वर्षानुवर्षं जगाच्या हाकेला कान देऊन बसला. त्यादिवशी कोणी वाद न घालता तो सगळीकडून काढला, आणि छपाई कुठेही अडली नाही.

मग घरच्या उबुंटूचं काय करायचं?

तो तळघरातला डेस्कटॉप राउटरच्या मागे असेल, आणि तुम्ही राउटरवर 631 पोर्ट मुद्दाम उघडलेलं नसेल, तर बाहेरचा माणूस थेट त्या कानापर्यंत पोहोचत नव्हता. घाबरून झोप उडवायची गरज नाही. लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो हॉटेल, विमानतळ, ग्रंथालय असा फिरतो, आणि तिथल्या भिंतीआत कोण बसलंय ते तुम्हाला माहीत नसतं. दोन्हीकडे सिस्टिम अद्ययावत करा. दुरुस्त्या तेव्हाच आल्या आहेत, आणि कप्स-ब्राउज्डच्या नंतरच्या आवृत्तीतून ती जुनी दवंडी ऐकण्याची सोय काढूनच टाकली आहे. मात्र ज्या जुन्या उबुंटूला आता दुरुस्त्या मिळतच नाहीत, त्यावर हा प्रोग्राम बंद करा किंवा सरळ काढून टाका.

"बंद केला तर माझा प्रिंटर दिसायचा थांबेल" ही भीती बऱ्याच जणांना असते. बहुतेक घरांत थांबत नाही. गेल्या दहाएक वर्षांतला वायफायचा प्रिंटर एअरप्रिंट बोलत असेल, तर आताचं कप्स अवाहीच्या मदतीने त्याला स्वतःच ओळखतं आणि छापण्यापुरती तात्पुरती रांग बनवतं. कप्स-ब्राउज्ड खरा लागतो तो मोठ्या ठिकाणी, जिथे अनेक प्रिंटरांचे गट करायचे असतात किंवा एखाद्या सर्व्हरवरच्या सगळ्या रांगा प्रत्येक संगणकावर कायम दिसायला हव्या असतात. आधी बंद करून बघा, आठवडाभर छापा, अडलं तरच परत चालू करा.

दुसरा गैरसमज याहून पक्का आहे. आपला प्रिंटर दुसऱ्यांना वाटायचा असेल तर कप्स-ब्राउज्ड चालू हवाच, असा. अजिबात नाही. तो ऐकणारा आहे, सांगणारा नाही. शेअर केलेला प्रिंटर जाहीर करण्याचं काम कप्सचा मुख्य प्रोग्राम अवाहीमार्फत करतो. माझ्या घरी एक जुना, यूएसबी वायरचा काळापांढरा लेझर आहे. त्याला वायफाय नाही, एअरप्रिंट नाही, पण टोनर स्वस्त आणि कुरकुर शून्य. तो एका रास्पबेरी पायला जोडलाय, त्यावर कप्स आणि अवाही, कप्सच्या पानावर "शेअर करा"च्या चौकोनात खूण. बस्स. बायकोच्या आयफोनला तो एअरप्रिंटचा प्रिंटर म्हणून दिसतो. रविवारच्या मराठी शाळेसाठी बाराखडीचे कागद त्यावरच निघतात. त्या पायवर कप्स-ब्राउज्ड बसवलेलाही नाही.

फक्त एवढं करताना कप्सची सेटिंग्ज नीट वाचा. तिथे शेअर करण्याच्या खूणेशेजारीच "इंटरनेटवरून छापू द्या" अशी आणखी एक खूण असते. तिला हात लावू नका. आणि प्रिंटरला नाव देताना "जोशींचा प्रिंटर, वरची बेडरूम" असलं काही देऊ नका. ते नाव हाकेसरशी नेटवर्कवरच्या प्रत्येकाला ऐकू जातं, आणि तुमच्या वायफायचा पासवर्ड आजवर किती पाहुण्यांच्या फोनमध्ये जाऊन बसलाय ते एकदा आठवून बघा.

विंडोजवाले म्हणतील, आमचं काय? विंडोज बॉन्जूरची हाक ओळखतं, शिवाय डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाची आणखी एक बोली बोलतं, आणि छपाईच्या बाबतीत त्यांचंही 2021 मध्ये प्रिंटनाइटमेअरने नाक कापलं गेलं होतं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पुढच्या खेपेला मात्र स्कॅनरवर लिहीन, कारण छापलेला कागद सही करून परत संगणकात घालताना हाच सगळा खेळ उलट दिशेने चालतो, आणि त्याबद्दलचे चार प्रश्न आधीच येऊन पडलेत.